गोजरबाईचा उलटा पंखा



गोजरबाई आमची शेजारीण, इथं हर्सूलमधलीच. नवरा रामकिसन वॉचमन. ही मागच्या खोलीत ट्रेमध्ये गव्हांकुर वाढवते आणि हर्सूलच्या तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांना त्याचा रस विकते. मीही घेते. चव म्हणाल तर गवत चावल्यासारखी, पण आता सवय झालीय.

यंदा हिवाळ्यात ट्रेंना बुरशी धरायला लागली. मी सांगून थकले, "अगं, खोलीला हवा नाही. दार उघडं टाक." छे! पाचोडला माहेरी नवरात्रातला घट बंद देवघरात वाढायचा, कुणाची सावलीसुद्धा पडू द्यायचे नाहीत. तेच हिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दार बंद, उंबऱ्याशी पोतं, फटींत चिंध्या. माणसानं हट्टी असावं तरी किती!

शेवटी तिनं भंगारातून जुन्या कूलरचा पंखा आणला आणि खिडकीत उलटा बसवला, आतली हवा बाहेर फेकणारा. मला कौतुकानं बोलावलं. पंख्याजवळ उदबत्ती धरली, तर धूर झर्रकन बाहेर.

"बघा ताई, लई भारी ओढतोय! आता दार कशाला उघडायचं?"

न्हाणीचं दार याच खोलीत उघडायचं. आत रामकिसनभाऊ आंघोळीला गेलेले, पाण्याचा कोळशाचा बंब आतच पेटलेला. थंडी म्हणून न्हाणीची खिडकी प्लास्टिकनं बंद केलेली. बंबाचा धूर तेवढा नळकांड्यातून छपरावर जायचा. मी सहज उदबत्ती घेऊन त्या दाराच्या फटीशी वाकले. धूर फटीपासून आमच्याकडं पळत होता. म्हणजे पंखा न्हाणीतून हवा ओढत होता. पण बंद न्हाणीत हवा येणार कुठून?

आणि एकदम लक्षात आलं, पाण्याचा आवाज कधीचाच थांबलाय.

"गोजरबाई, भाऊंना हाक मार."

"अवं, ऐकलं का?" उत्तर नाही. "अवं!"

आम्ही दोघींनी धक्के मारून कडी तोडली. रामकिसनभाऊ ओल्या फरशीवर आडवे पडलेले, तांब्या बाजूला घरंगळलेला. छपरावर जायचा तो निखाऱ्यांचा विषारी वायू पंख्यानं नळकांड्यातूनच उलटा आत ओढला होता. भंगारातला एक पंखा, आणि जितंजागतं माणूस असं पडावं!

दारं सताड उघडून आम्ही त्यांना ओढत अंगणात आणलं. गोजरबाई ऊर बडवत होती, "मीच मारलं ह्यांना!"

भाऊ वाचले. पण दवाखान्यातून घरी यायला आठवडा गेला. तोवर पंखा चालूच होता, त्याला हात लावायची मला हिंमत झाली नाही. दारंही तशीच उघडी, त्यामुळं पंख्याला ओढायला बाहेरची मोकळी हवा मिळत होती. मी येता-जाता ट्रेंवर पाणी तेवढं मारलं.

भाऊंना खाटेवर निजवून गोजरबाई खोलीत गेली. पंखा बसवताना नव्यानं पेरलेला गहू वीतभर वाढलेला, हिरवागार. एकाही ट्रेला बुरशीचा ठिपका नाही.

ती मटकन उंबऱ्यावर बसली. बाहेर भाऊ खोकत होते.

"नुसतं दार उघडं ठेवायचं," ती म्हणाली, "एवढंच होतं व्हय, ताई?"