परीक्षकांच्या माना

आमच्या घरात ज्योतिष कुणी मानत नसे. सासरे गणिताचे निवृत्त मास्तर. पत्रिका, ग्रह, मुहूर्त यांना त्यांनी कधी दारात उभं केलं नाही. माझं लग्न पत्रिका न बघता झालं, हे ते पाहुण्यांना अजूनही ऐकवत, जणू त्यात माझा काही वाटाच नव्हता. एवढ्या विज्ञाननिष्ठ माणसाने म्हातारपणी मात्र भविष्य सांगायला घेतलं, आणि तेही एकाच विषयातलं: हौशी संगीत नाटकांच्या स्पर्धेत यंदा गायिका-अभिनेत्रीचं पहिलं बक्षीस कुणाच्या पदरात पडणार.

या माहितीवाचून जगाचं किती अडलं होतं ते सांगायला नकोच. पण पनवेलला वडाळे तळ्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी या भविष्यासाठी ताटकळत बसायची. फिरायला येणारी म्हणजे बाकावर बसायला येणारी. तिथे मास्तरांचा शब्द शेवटचा, कारण मास्तरांचा अंदाज चुकत नसे. मी लग्न होऊन आल्यापासून तरी तो चुकलेला कुणी पाहिला नव्हता.

अडचण एवढीच होती, की त्याच स्पर्धेत, त्याच बक्षिसासाठी, त्यांची स्वतःची सून दरवर्षी उभी राहत होती. ती मी. रोडपालीच्या एका शाळेत मी संगीत शिकवायचे आणि दिवाळीचा फराळ संपला की आमच्या हौशी मंडळाच्या तालमींना जायचे. मंडळाची नायिका मीच, कारण भरजरी नऊवारीत तीन अंक उभं राहून गाणारी दुसरी बाई मंडळाला सापडलेली नव्हती. सासऱ्यांनी तालमींना कधी नको म्हटलं नाही. एवढं पुरोगामी सासर मिळाल्याबद्दल मैत्रिणी माझा हेवा करायच्या. गाणं चांगलं झालं, असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत. ‘आवाज बसलाय, ज्येष्ठमध धर तोंडात’ ही मला घरून मिळालेली सगळ्यात मोठी दाद.

आणि अंदाज? अंदाजात माझं नाव एकदाही आलं नाही. एका वर्षी ठाण्याची, एका वर्षी डोंबिवलीची, मग पुन्हा ठाण्याची. ते नाव आधी तळ्याच्या बाकावर जाहीर व्हायचं आणि मग माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं जायचं, वर ‘आमटीत मीठ कमी आहे’ हेही. निकाल लागला की मी हरलेली असायचे आणि सासरे जिंकलेले. बाकावरची मंडळी त्यांचं अभिनंदन करायला घरी यायची आणि त्यांचा चहा मी करायचे.

त्यांची पद्धत मला माहीत होती, कारण ती त्यांनी कधी लपवली नाही. ते नाटक बघतच नसत. तिकीट काढून, इस्त्रीचा सदरा घालून, ते परीक्षकांच्या बरोबर मागची रांग धरायचे आणि पूर्ण वेळ परीक्षकांच्या मानांकडे बघत बसायचे. त्यांचं म्हणणं असं, की तोंड खोटं बोलतं, टाळ्या तर त्याहून खोट्या, पण मान खोटं बोलत नाही. पद चालू असताना परीक्षकाची मान समेवर आपोआप हलली तर ते पद पास. दोघांच्या माना हलल्या तर नायिका शर्यतीत. आणि तिसऱ्याने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं, की मास्तर खिशातून सुपारी काढायचे. सुपारी तोंडात गेली म्हणजे निकाल लागला, असं बाकावरचे सगळे समजायचे.

म्हणजे इतकी वर्षं मी रंगमंचावर रडले, रुसले, सवतीशी भांडले, वनवासाला गेले, आणि माझे सासरे मागे बसून तीन अनोळखी पुरुषांच्या माना बघत होते. माझं एकही काम त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी एकदा नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘अगं, पण येतात ना दरवर्षी.’ आमच्या ह्यांचं हे असं, समजूत घालायला बसले की जखम आणखी खोल करायची.

मास्तरांचे दोन सिद्धांत होते आणि ते बाकावर सगळ्यांना पाठ होते. पहिला वन्स मोअरचा. स्पर्धेत नाटकाला वेळ नेमून दिलेली असते. ती ओलांडली की गुण कापतात, आणि वन्स मोअरमुळे ओलांडली तर ज्याच्या पदाला तो मिळाला त्याच्याच गायनाच्या गुणांवर पहिली कात्री चालते. त्यामुळे प्रेक्षकांत कुणी उठून वन्स मोअर ओरडला की मास्तर कपाळाला हात लावायचे. ‘बाईला प्रेमाने मारलं,’ म्हणायचे. बहुतेक वेळा ओरडणारा त्या बाईचाच भाऊ किंवा दीर असायचा. नातेवाइकांना घरी ठेवून नाटक करावं, हे त्यांचं कायमचं मत होतं.

दुसरा सिद्धांत हरणाऱ्यांबद्दल. निकालानंतर हरलेल्या नायिकेच्या घरात एकच वाक्य बोललं जातं, ते म्हणजे ‘परीक्षकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.’ हे वाक्य कानावर आलं की मास्तर खूश व्हायचे. ‘ऐकलंत? हरले!’ म्हणून टाळी मागायचे. आमच्या घरात ते वाक्य बोलायची कुणाची छाती नव्हती. मी तर हरल्यावर परीक्षकांचं कौतुक करायला शिकले होते.

टाळी द्यायला बाकावर त्यांच्या शेजारी एक चाचा असायचे. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दोन्ही मुलं आखाताला. नाट्यसंगीताचा नाद मात्र असा, की गिऱ्हाईक समोर असताना मीटरपट्टी गल्ल्यावर वाजवत ठेका धरायचे. एवढ्या वर्षांत माझी बाजू घेणारे ते एकटेच. ‘मास्तर, यंदा तरी बहूचं नाव घ्या,’ ते म्हणायचे. ‘खुदाची कसम, काय गळा आहे पोरीचा!’

‘गळ्याचं काय सांगता, चाचा? गळा मला रोज ऐकू येतो,’ सासरे म्हणायचे. ‘मान हलत नाही.’

एका वर्षी मात्र तीन गोष्टी एकदम घडल्या. आमच्या पनवेलला नवं नाट्यगृह झालं होतं आणि स्पर्धेतली काही नाटकं तिथेच होणार होती, त्यामुळे आमचं नाटक प्रथमच घरच्या अंगणात. दुसरं, आमच्या दिग्दर्शकांनी पहिल्याच तालमीला, चहात बिस्कीट बुडवता बुडवता मला सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून मी नायिकेच्या आईचं काम करायचं. ‘आईला पण एक छान पद आहे,’ ते म्हणाले. आईचं छान पद म्हणजे देवघरातली चार ओळींची आरती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बिस्कीट तुटून चहात पडलं, याचंच काय ते मला समाधान.

आणि तिसरं म्हणजे, सगळे म्हणत होते की या वर्षी बक्षीस मला मिळेल. आवाज लागला होता. तालमीला बसणारा ऑर्गनवाला, जो स्वतःच्या वाजवण्याखेरीज कशालाच चांगलं म्हणत नसे, तोही दोनदा ‘वा’ म्हणून गेला.

आता खरं सांगते. मला बक्षीस हवं होतं, पण जीव त्या करंडकात अडकला नव्हता. मला त्या बाकावर माझं नाव हवं होतं. एकदा. नायिका म्हणून शेवटच्या वर्षी सासऱ्यांनी चारचौघांत म्हणावं, की यंदा आमची. त्यासाठी तीन माना हलायला हव्या होत्या, तर मी त्या हलवणार होते. दुसऱ्या अंकात माझं एक मोठं पद होतं, पती सोडून गेल्यावरचं, विलंबित चालीचं. तिथेच पेन खाली ठेवायला लावायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. कलेची एवढी निःस्वार्थ साधना क्वचितच कुणी केली असेल.

नाटकाच्या सकाळी सासरे तळ्यावरून आले आणि दारातूनच म्हणाले, ‘ठाण्याची.’ चहाच्या गाडीवाल्याने त्यांना म्हणे तिथे विचारलं होतं, ‘मास्तर, आपली ताई हाय ना यंदा? का नाय?’ तेव्हा मास्तर म्हणाले होते, की अंदाज हा अंदाज असतो, त्यात आपलं-तुपलं नसतं. ‘शेवटचा अंदाज नाटक झाल्यावर,’ एवढी सवलत मात्र त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून ठेवली. मी पोहे कालवत होते. मीठ मुद्दाम जास्त टाकलं.

नाट्यगृह भरलं होतं. अर्ध्या लोकांना संगीत नाटकापेक्षा नव्या खुर्च्यांचं कौतुक जास्त, पण भरलं होतं. पहिला अंक सुरळीत गेला. मध्यंतरात दिग्दर्शकांनी मला विंगेत गाठून बजावलं, की वेळ अगदी काठावर चाललीय. टाळ्या किती का पडेनात, पद संपलं की पुढचं वाक्य. वन्स मोअर घ्यायचा नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या अंकात ते पद आलं. ते कसं झालं हे मी सांगणं बरं दिसणार नाही, तरी सांगते: चांगलं झालं. शेवटची तान घेऊन मी समेवर आले तेव्हा सभागृहात क्षणभर कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि पनवेलच्या प्रेक्षकांकडून यापेक्षा जास्त काही अपेक्षित नसतं. मग टाळ्या पडल्या. मी पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडलं.

‘वन्स मोअर!’

आवाज परीक्षकांच्या मागच्या रांगेतून आला. तो आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. आमटीत मीठ कमी आहे हे मला रोज सांगणारा तो आवाज. सासरे उभे राहिले होते. इस्त्रीचा सदरा, एक हात वर, आणि ते परीक्षकांच्या मानांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. शेजारी चाचा त्यांचा सदरा धरून त्यांना खाली ओढत होते. ‘मास्तर, बैठो, बैठो! गुण कापतील तिचे!’ हे पहिल्या चार रांगांना तरी ऐकू आलं असेल.

सासरे बसले नाहीत. त्यांनी पुन्हा ओरडून मागितलं.

ऑर्गनवाला माझ्याकडे बघू लागला. विंगेत दिग्दर्शक दोन्ही हातांनी नाही नाही करत होते. बक्षीस हातचं जाणार हे मला लख्ख कळत होतं. आईच्या भूमिकेतली ती आरती मला समोर दिसत होती. आणि तरीही त्या क्षणी कुणी सोन्याचा करंडक पुढे केला असता तरी मी बाजूला ठेवला असता. मी ऑर्गनवाल्याला मान हलवून खूण केली आणि अंतऱ्यापासून पुन्हा गायले. आधीपेक्षा सावकाश गायले. घाई करून त्यांना फसवायचं नव्हतं.

तिसरा अंक आम्ही बराच गुंडाळला, तरी वेळ व्हायची ती झालीच. पडदा पडल्यावर दिग्दर्शक माझ्याकडे पाठ करून सामान आवरू लागले. बाहेर, त्या दिवसापुरत्या तळ्यावरून आलेल्या चहाच्या गाडीपाशी बाकावरची सगळी मंडळी मास्तरांभोवती उभी होती, शेवटच्या अंदाजासाठी. मी मेकअप पुसत मागे जाऊन उभी राहिले.

‘हां मास्तर, बोला,’ कुणीतरी म्हणालं. ‘माना काय म्हणाल्या?’

सासऱ्यांनी खिशात हात घातला, सुपारी सापडली नाही. ‘माना बघायच्या राहिल्या,’ ते म्हणाले. मग जरा घसा खाकरून म्हणाले, ‘यंदा आमच्या घरची.’

गणित सगळ्यांनाच येत होतं. एवढ्या वर्षांच्या शिकवणीनंतर वन्स मोअर घेतलेल्या नायिकेचं काय होतं, हे चहाच्या गाडीवाल्यालाही कळत होतं. फक्त ज्यांनी शिकवलं ते मास्तरच तेवढे ठाम उभे होते.

निकाल लागला. पहिलं बक्षीस ठाण्याचीला. मला उत्तेजनार्थसुद्धा नाही. घरी कुणी अभिनंदनाला आलं नाही, त्यामुळे दूध उरलं. चाचा तेवढे संध्याकाळी आले, नेहमीपेक्षा जपून चपला काढून, मयताच्या घरी यावं तसे. मी चहा ठेवला. दोघांना बाहेर कप दिले आणि आत आले.

मग सासऱ्यांचा आवाज आला. ‘चाचा, परीक्षकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.’

चाचांनी कप खाली ठेवल्याचं ऐकू आलं. ‘मास्तर,’ ते हळूच म्हणाले, ‘हे तर हरणाऱ्यांच्या घरातलं वाक्य.’

‘मग?’ सासरे म्हणाले. ‘हरलोच आहोत आम्ही.’