नणंदबाई आणि ऑलिव्हमधला सरडा

आमच्या नणंदबाई रागावल्या नाहीत असा दिवस कुवेतमध्ये अजून उजाडलेला नाही. नाशिकला त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. लग्न होऊन इथे अहमदी शहरात आल्या आणि विद्यार्थी उरले नाहीत म्हणून भेटेल त्याला झापू लागल्या. जेवायला आलेल्या एका इंजिनिअरने पालीला विषारी म्हटलं, तर वाढता वाढता हात थांबवून म्हणाल्या, “पाल चावून मेलेला माणूस पाहिलात कधी? नाही ना? मग आमटी घ्या आणि गप्प बसा.” त्या बिचाऱ्याला आमटी आवडत नव्हती, तरी प्यायला.

मागच्या वर्षी त्यांच्या यजमानांनी हौसेने इटलीहून आलेलं ऑलिव्हचं जुनं झाड नर्सरीतून आणून अंगणात ठेवलं. आठवडाभरात त्याच्या ढोलीतून हिरवट पाठीचा एक चिमुकला सरडा निघाला आणि कुंपणाच्या भिंतीवर उन्हाला बसला. यजमानांनी “पाल, पाल” करत औषध फवारणाऱ्याला फोन लावला. ताई, म्हणजे नणंदबाई, कडाडल्या, “पालीला पापण्या नसतात. हा डोळे मिटतोय, दिसत नाही? भूमध्य समुद्राकाठचा भिंतीवरचा सरडा आहे हा. झाडाबरोबर इथे आणताना त्याला विचारलं होतं कुणी?” फवारणीवाला आलाच, तेव्हा ताईंनी त्याला दारात उभं करून हिंदीतून पाल आणि सरडा यांतला फरक शिकवला, आणि त्याने मान डोलावल्यावरच चहा दिला.

पुढे शेजारच्या मांजराने त्याच्यावर झडप घातली. शेपूट तिथेच वळवळत राहिलं, सरडा फटीत निसटला. ताई मांजरावर संतापल्या, शेजाऱ्यावर त्याहून जास्त. मला म्हणाल्या, “शेपूट परत येतं गं. पहिल्यासारखं नाही येत, पण येतं.” उन्हाळ्यात भिंत तव्यासारखी तापली, तेव्हा त्यांचा राग थेट सूर्यावर. फटीवर ओलं गोणपाट टाकायच्या आणि मधे आलेल्या यजमानांवर ओरडायच्या.

थंडी पडल्यावर एका शुक्रवारी सकाळी मी गेले. आखूड, काळपट नव्या शेपटीचा सरडा भिंतीवर मान उंचावून ऐटीत बसला होता.

“नर आहे,” ताई म्हणाल्या. “दुसरा नर हद्दीत येऊ नये म्हणून असा रुबाब करतात.”

“पण इथे दुसरा आहे कुठे?” मी विचारलं.

ताई ओढणी सावरत, मी कधी ऐकला नव्हता अशा हलक्या आवाजात म्हणाल्या, “नाही गं. भांडायला तरी कुणी हवं होतं त्याला.”