बायकांना आवडलेलं चोरीचं चित्र

अमरावतीच्या एका वितरकाच्या कचेरीत ते चित्र कित्येक महिने पेटीत पडून होतं. गोष्ट चोरीची, पण हसवणारी. शहरातल्या एकाही थेटरानं ते लावलं नाही. मी धार्मिक चित्र न्यायला गेलो, तर तिथल्या मॅनेजरनं हेही गळ्यात मारलं. मी भाजीच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात वाढलेलो, टोपलीच्या तळाशी काय दडवतात ते मला ठाऊक. तासभर भांडलो, टेबलावर हात आपटला, तरी दोन्ही घ्यावी लागली. माझा सिनेमाचा तंबू होता आणि उन्हाळ्यात धार्मिक चित्राशिवाय तो चालत नव्हता.

चांदूर रेल्वेला ते चोरीचं चित्र पडलं. सकाळी हॉटेलात चहा पिता पिता एकानं तोंडावर सांगितलं, "चोर कोन ते पयल्या अर्ध्या तासातच समजते. मंग बसून काय करा?" दुसरा म्हणाला, "फौजदार तर नुसता लाकडाचा ठोकळा." मी चिडलो. ठोकळाच होता, पण चित्र मला वाईट वाटलं नव्हतं.

पुढचा मुक्काम बार्शीटाकळीला. तिथली जागा अरुंद आणि लांबट. अशा जागी आम्ही पातळ पडदा तंबूच्या मधोमध ताणून पाण्यानं भिजवत असू, म्हणजे पलीकडूनही चित्र दिसे. मशीनच्या बाजूला पुरुष बसत, पडद्यामागे बायका. त्यांना चित्र उलटं दिसे, पण त्याची कुणी तक्रार करत नसे. तिथं पुरुषांचं मत चांदूरसारखंच पडलं. बायका मात्र हसत होत्या. माझी बायको त्यांच्यातच बसायची. सकाळी भाकरी थापताना तिला पुन्हा हसू फुटलं.

"येवढं काय हाय त्यात?" मी विचारलं.

"तुमाले नाही समजनार. तो फौजदार पायला ना, का पोट दुखते."

दुसऱ्या दिवशी बायका शेजारणींना घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतल्या गाड्या आल्या. मला वाटलं, आपण बरोबर होतो, चुकले ते शहरवाले.

आमच्या अकोल्यात एक पक्कं थेटर होतं. तिथं आपण आणलेलं चित्र लागावं, लोकांनी आपल्याला तंबूवाला म्हणणं सोडावं, ही माझी जुनी इच्छा. मालकाकडे गेलो. ते पान लावत बसले होते.

"तंबूतला माल इथं खपत नाही, भाऊ," ते म्हणाले.

"शेटजी, दुपारचा एक खेळ द्या. फक्त बायकांचा."

"अन् पडला तर?"

"बायका हसल्या नाहीत, तर तुमच्या दारात पुन्हा चित्र घेऊन येनार नाही."

त्यांनी हसून मान हलवली. सौदा मीच असा बांधला, दुसऱ्या कुणी नाही.

खेळाच्या दिवशी जठारपेठेतल्या आमच्या शेजारणी, त्यांच्या सुना, सगळ्यांना बायकोनं जमवून आणलं. थेटर भरलं. मी दाराशी उभा राहिलो. अर्धा तास गेला. कुणी हसलं नाही. मुलं रडायला लागली, बायका आपसांत बोलायला लागल्या. बायको उठून माझ्याकडे आली.

"हे दुसरंच चित्र हाय."

"तेच हाय."

"मंग फौजदार उजव्या हातानं काहून लिहून राह्यला?"

मला तेव्हा उलगडा झाला. चित्रात फौजदार सगळ्यांना गोळा करून सांगतो, चोर डावखुरा आहे, आणि लगेच डायरीत लिहितो. समोरून पाहिलं तर तो उजव्या हातानं लिहितो आणि घरातला नोकर डाव्या हातानं जेवतो. मागून पाहिलं तर डाव्याचं उजवं होतं, मग नोकर उजव्या हाताचा आणि फौजदारच डावखुरा. बार्शीटाकळीच्या बायकांनी पाहिलेल्या चित्रात चोरी फौजदारानं केली, पकडलं नोकराला, आणि शेवटी शाबासकीचा बिल्लाही फौजदाराच्याच छातीवर लागला. त्या त्याला हसत होत्या. पुरुषांच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नव्हतं.

मालक आले. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी आता थेटर उलटं फिरवू काय?"

त्यांचा नोकरही हसला. मी चित्राची पेटी उचलली आणि बायकोला घेऊन निघालो. वाटेत बायको म्हणाली, "सांगा ना त्याले, एक डाव परदा मधात लावून पाह्य म्हना." मी म्हणालो, "शब्द दिला हाय." ती म्हणाली, "शब्द बायका हसन्याचा होता. बार्शीटाकळीले हसल्या नव्हत्या काय?"

तिचं खरं होतं. पण शब्द अकोल्याच्या बायकांचा होता.

मग मी त्या थेटराची पायरी चढलो नाही. पुढे दोन फार चांगली चित्रं माझ्या हाती आली. अकोल्यात ती चालली असती, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. ती मी तंबूतच दाखवली.