गजेंद्र मास्तराच्या डोळ्यातलं माप

गजेंद्र मास्तराच्या गळ्यातल्या टेपाचा उपयोग मी आजवर एकच पाहिला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो त्याचं पितळी टोक दोन बोटांत धरून कॉलरच्या आत सारतो आणि पाठ खाजवतो. माप घ्यायला त्याला टेप लागत नाही. बाई दुकानाची पायरी चढली की तो चष्मा नाकावर खाली ओढतो, तिला वरून खाली एकदा बघतो, आणि झालं. "माप माह्या डोळ्यात हाय," असं तो सांगतो. मोताळ्याच्या बसस्टँडमागच्या त्याच्या दुकानात ही नजर सोसल्याशिवाय कुणाचं ब्लाऊज शिवून होत नाही.

त्याचे वडील कडूबा शेतकऱ्यांच्या बंड्या शिवत. बाजाराच्या दिवशी चावडीपुढं मशीन मांडून बसत आणि माणसाला उभं करून, हात वर करायला लावून, नीट माप घेत. गजेंद्रला ते हलकं वाटलं. तो शिकायला म्हणून जळगावला गेला, दोन महिन्यांत परत आला, आणि तेव्हापासून "आपली लाईन मुंबईची" असं सांगतो. मुंबईशी त्याचा संबंध दुकानातल्या एका जुन्या कॅलेंडरापुरता आहे. काजं, हूक, तुरपाई, हे सगळं त्याची बायको सत्यभामाबाई आतल्या खोलीत करते. कपडा चांगला उतरला तर मास्तराचा हात, बिघडला तर सत्यभामेचा. आणि तिच्यावरही ढकलता आलं नाही तर मग गिऱ्हाइकाच्या अंगाचा दोष. ब्लाऊज काखेत दाटलं तर "बाई, तू सुटली." खांद्यावरून घसरलं तर "बाई, तू वाळली." महिन्यापूर्वी मापाला दिलेलं ब्लाऊज पुढ्यात ठेवून दाखवलं तरी तो डगमगत नाही. त्याच्या हिशेबानं त्या महिन्यात तालुक्यातल्या सगळ्या बायकांचं अंग बदललेलं असतं, कात्री तेवढी जागच्या जागी असते.

आणि हे सगळं तो मोठ्यानं बोलतो. चारचौघींत. बायका हसतात, कारण न हसावं तर आपल्यालाच लागलं असं दिसतं.

आमच्या शेजारच्या पुष्पाबाईंची प्रेरणा लहान होती, तेव्हा शाळेचा ड्रेस शिवायला आईचा हात धरून त्याच्याकडे गेली होती. मास्तरानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, या पोरीले कापड नाही, तंबूच लागते. दुकान हसलं. पुष्पाबाईसुद्धा हसल्या. त्यानंतर प्रेरणाला मी ओढणीशिवाय कधी पाहिलं नाही. घरातसुद्धा, भर उन्हाळ्यात, ओढणी पोटावरून पसरून बसायची. पोरीचा आवाज असा की हाक मारली तर गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसावं, पण कॉलेजच्या नाटकात ती कायम पडद्यामागं, निवेदनाला.

गेल्या वर्षी सरांनी तिला मुख्य काम दिलं. युवा महोत्सवाची एकांकिका, जुन्या काळातल्या मिशनच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईची. प्रेरणा हो म्हणाली, आणि हो म्हटल्यापासून तिची झोप उडाली. तेच काम वैष्णवी नावाच्या दुसऱ्या मुलीनंही पाठ केलं होतं, आणि ती सडपातळ होती. प्रेरणा मला म्हणाली, "काकू, कपडा अंगावर बरा दिसला तं करतो. नाहीतं वैष्णवीले देऊन टाकतो."

कपडा म्हणजे त्या काळातल्या बायका दिवसा घरात-बाहेर वापरायच्या तसला फ्रॉक. गळ्याला छोटी कॉलर, समोर बटणं, खांद्यावर थोडी फुगलेली बाही, कंबरेला पट्टा आणि खाली सहा कळ्यांचा, म्हणजे सहा उभ्या पट्ट्या जोडून केलेला घेर. प्रेरणानं टेपनं आपलं माप घेऊन त्या मापाचा कागदी पॅटर्न इंटरनेटवरून मागवला. ऐंशी वर्षांपूर्वी निघालेला नमुना, रेघ न् रेघ तशीच ठेवून नव्यानं छापलेला. पाकिटात पतंगाच्या कागदासारखे पातळ कागद, प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि बाण, सोबत इंग्रजीत सूचना. तिनं त्या सूचना डिक्शनरी घेऊन वाचल्या. पिवळ्या बुंदक्यांचं सुती कापड घेतलं. ते शिवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. पुष्पाबाईंच्या घरी मशीन होतं, पण ते साडीला फॉल लावण्यापुरतं. आमच्याकडे घराचा डॉक्टर बदलतात, टेलर बदलत नाहीत.

मी सोबत गेले होते. मास्तरानं कागद दोन बोटांत धरून उजेडाकडे केला आणि दुकानातल्या बायकांना विचारलं की आता कागदाचे कपडे घालायचे दिवस आले का. मग प्रेरणानं त्याला नीट समजावलं. शिवणीसाठी आत दाबायचं कापड या कागदात आधीच धरलेलं आहे. कागद कापडावर ठेवायचा, कडेनं कापायचं आणि आतल्या रेघेवर टीप मारायची, वेगळी माया सोडायची नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड. उद्या बाई अंगानं भरली तर उसवून सैल करता यावं म्हणून आमच्याकडे प्रत्येक कपड्याला ती ठेवतात. माया न ठेवणारा टेलर चोर समजला जातो.

मास्तर सगळं ऐकून घेतल्यासारखा मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "तू नाटक कर पोरी. शिवण मले शिकवू नको."

आठवड्यानं ट्रायलला गेलो. प्रेरणा कोपऱ्यातल्या पडद्यामागं गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आली तेव्हा मला आधी ती दिसलीच नाही, कापडच दिसलं. खांद्याची शिवण कोपराकडे निघालेली, कंबरेचा पट्टा मांडीवर, कॉलर गळ्यापासून चार बोटं लांब उभी. घेराचं तर विचारूच नका. मास्तरानं कागदाच्या बाहेर सगळीकडे दोन-दोन बोटं माया सोडून कापलं होतं. सहा कळ्या, म्हणजे बारा कडा, आणि प्रत्येक कडेला दोन बोटं. वर शिवताना टीप मारली अगदी काठावरून. माया आत जायच्या ऐवजी सगळी अंगावर आली होती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढं दिसलं की पोरगी त्या फ्रॉकात बुडाली आहे.

बाकावर बसलेल्या कलाबाई कसली भीड ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या, "मास्तर, लयच ढगळ झालं हो."

मास्तरानं चष्मा खाली ओढला. एखादा माणूस निदान थबकला असता. हा थबकला नाही.

"कपडा बरोबर हाय," तो म्हणाला. "जाड अंगावर ढगळच दिसते. हे फ्रॉक गोऱ्या बायांचे, ह्या पोरीच्या अंगाले कसे जमतीन? सलवार घाल पोरी, वरतून ओढणी घे, झाकून जाते."

कपडा मोठा झाला, म्हणून पोरगी जाड. हे ऐकून दुकानातल्या सहा-सात शहाण्या, संसारी, चार पैसे राखून असलेल्या बायकांपैकी एकीलाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. घरी गेल्यावर सांगितलं, तर पुष्पाबाईंनाही ते पटलंच. मास्तर उगाच नाही बोलत, त्याचा डोळा चुकत नाही बाई, म्हणाल्या. प्रेरणानं फ्रॉक पिशवीत कोंबला आणि सकाळी सरांना फोन करून वैष्णवीचं नाव सांगते म्हणाली. रडली वगैरे नाही. असं बोलली जणू एखादं सामान चुकून आपल्या घरी आलं होतं, ते आता ज्याचं त्याला जातंय.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी ती कागद परत पाकिटात भरायला बसली आणि मला हाक मारली. मी गेले तर फ्रॉक पलंगावर उलटा पसरलेला, आणि त्यावर तिनं कळीचा कागद ठेवलेला. कागदाच्या दोन्ही बाजूंनी पिवळं कापड बाहेर आलं होतं. तिनं दुसऱ्या कळीवर ठेवला, तिसरीवर ठेवला. मग पाठीचा तुकडा, मग बाही. सगळीकडे तेच.

"काकू," ती म्हणाली, "कागद तं माह्या मापाचाच व्हता."

"मग?"

"मग मी जाड कशी? हाच मोठा झाला ना."

इतकी साधी गोष्ट. पण ती म्हणायला तिला दहा-बारा वर्षं लागली होती. तिनं फ्रॉक पलंगावरून ओढून मांडीवर घेतला. चेहऱ्यावर आनंद नव्हता. चीड होती, आणि ती पहिल्यांदा स्वतःवर नव्हती.

सरांना फोन राहिला. प्रेरणानं फ्रॉक घरीच उसवून पुन्हा शिवायचं ठरवलं. पुष्पाबाईंनी मशीनला हात लावू देणार नाही म्हणून थोडा दंगा केला. कपड्याचं वाटोळं होईल, मास्तर नाराज होतील. प्रेरणा म्हणाली, "होऊन होऊन काय होईन, आई? ह्यापेक्षा बेकार तं होत नाही." मग ब्लेडनं तिनं एकेक शिवण उसवली. मी धागे वेचत बसले, त्यापलीकडे माझी अक्कल जात नाही. उसवलेल्या तुकड्यांना इस्त्री केली, कागद टाचण्यांनी लावला आणि जास्तीची माया सगळी कापून टाकली. खाली चिंध्यांचा ढीग झाला. पुष्पाबाई तो हातात घेऊन हळहळल्या, एवढ्या कापडात एक झबलं झालं असतं. पहिली बाही उलटी लागली, ती पुन्हा उसवली. कॉलरची दोन टोकं शेवटपर्यंत सारखी झाली नाहीत. संध्याकाळी दिवेलागणीला तिनं फ्रॉक घातला, पट्टा बांधला, आणि आरशापुढं ओढणी न घेता उभी राहिली. पुष्पाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, दिसते बरी. एवढंच.

रंगीत तालमीला सरांनी कपड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त सांगितलं की दुसऱ्या प्रवेशात मागं सरकू नकोस. महोत्सवात ती मागं सरकली नाही. बक्षीस दुसऱ्याच कॉलेजला गेलं. पण तिचा एक फोटो चांगला आला. स्टेजच्या मधोमध, हात कंबरेवर, कुणालातरी खडसावते आहे असा. तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला.

तो गजेंद्र मास्तराच्याही मोबाईलवर गेला. पंधरा दिवसांत दुकानाच्या काचेवर मोठा करून लावलेला दिसला. खाली लाल अक्षरांत: आमच्याकडे जुन्या फॅशनचे फ्रॉक शिवून मिळतील.

प्रेरणा गेली आणि काचेवरून फोटो काढून टाकायला सांगून आली. मास्तरानं वाद घातला नाही. लगेच काढला. हा माणूस वाद न घालता काही करतो, यातच आम्ही ओळखायला हवं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो, तर फोटो पुन्हा काचेवर. फक्त आता गळ्याच्या वर कापलेला. कॉलर, बटणं, बाह्या, सहा कळ्या, सगळं होतं. डोकं नव्हतं.

प्रेरणा पायरी चढली. आत चार-पाच बायका होत्या.

"मास्तर, फोटो काढा म्हणलं होतं."

"तुह्यं तोंड नको म्हणली, तोंड काढलं." मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "आता यात तुह्यं काय हाय?"

"शिवण."

मशीन थांबलं. मास्तरानं बायकांकडे पाहिलं, कुणी हसतं का ते बघायला. हसलं कुणी नाही. आतल्या खोलीच्या दारात हातात काजाचं काम घेऊन सत्यभामाबाई उभी होती, तीही नाही.

"कापड म्या कापलं," तो म्हणाला.

"कापलं तुमी. तेच तं निस्तरत बसलो दिवसभर." प्रेरणानं नखानं चिकटपट्टी उकरली, फोटो काचेवरून ओढून काढला आणि त्याची घडी करून भाजीच्या पिशवीत टाकला, मेथीच्या जुडीवर.

आम्ही पायरी उतरलो तोच मागून त्याचा आवाज आला, नव्यानं बसलेल्या एका बाईला सांगत होता. नेहमीसारखाच मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असा.

"पाह्यली का? अजून जाड झाली."

मी प्रेरणाकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही. ती दोन पावलं चालली आणि थांबली. दुकानासमोर भज्यांची गाडी लागते, बाजाराच्या दिवशी तिथं गर्दी असते. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, मिरचीच्या भज्यांची एक प्लेट मागितली, आणि मास्तराच्या काचेकडे तोंड करून, सावकाश, एकेक भजं फुंकून गार करत, सगळी संपवली. मग आणखी एक मागितली.