बारा चंद्र आणि बोदनवार गुरुजी

गुरुजींची आणि माझी पहिली भेट चांद्याच्या आमच्या शाळेच्या ओसरीवर झाली. नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी नुकताच रुजू झालो होतो. शाळेत दुसरा बी.एस्सी. नव्हता आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. श्री. राजेश्वरराव बोदनवार गुरुजी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. शिक्षण नॉर्मल पास, म्हणजे शिक्षकांची परीक्षा तेवढी; खालच्या वर्गांना भूगोल शिकवीत. मला पाहताच ते हात जोडून म्हणाले, "बरं झालं जी तुम्ही आले. चंद्राची एकच बाजू आपल्याले काऊन दिसते, हे पोराईले समजावून राह्यलो, पण मलेच नीट सांगता येत नाई. तुम्ही सांगा."

मी सांगितले. चंद्राला पृथ्वीभोवती फिरायला लागणारा काळ आणि स्वतःभोवती फिरायला लागणारा काळ एकच, म्हणून. वर्गाने मान डोलावली, म्हणजे कोणालाच काही कळले नाही. गुरुजींनी जरा विचार केला, कमला नावाच्या मुलीला अंगणाच्या मधोमध उभे केले आणि तिच्याकडे तोंड ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारली.

"कमले, माही पाठ दिसली तुले?"

"नाई गुरुजी."

कडेला बसलेल्या मुलांना त्यांनी विचारले, "मंग मी जाग्यावर फिरलोच नाई का?"

"फिरले नं! आधी तोंड तलावाकडे होतं, मंग परकोटाच्या भिंतीकडे झालं, आता पुन्हा तलावाकडे!" मुले ओरडली.

माझेच उत्तर, पण शिकवले त्यांनी. वर "देशकरजीनं सांगितलं म्हणून जमलं" असेही म्हणाले. त्यांच्याच या गौरवग्रंथात हे लिहू नये, पण त्यांचा हेवा मला वाटू लागला तो त्याच दिवसापासून.

त्यांच्याकडे कोणा मोजणीदाराने टाकून दिलेली एक दुर्बीण होती. सागवानी तिकाटण्यावर ती बसवून ते दिवेलागणीला तलावाच्या पाळीवर मुलांना गुरू ग्रह दाखवीत. गुरूच्या शेजारी चार बारीक ठिपके दिसत. ते त्याचे मोठे चंद्र. प्रत्येक मुलाने रोज वहीत गुरू काढायचा आणि ते ठिपके ज्या जागी दिसतील तिथे मांडायचे, एवढाच अभ्यास. महिनाभराने मुलांनी आपणच शोधून काढले की ठिपके कधी ओळ सोडत नाहीत, सगळ्यांत आतला दोन दिवसांच्या आत फेरी पुरी करतो आणि चौथ्याला सोळा-सतरा दिवस लागतात. कमलाचे वडील ढिवर, तलावात मासे धरणारे. जाळे खांद्यावर टाकून तेही दुर्बिणीपाशी थांबू लागले. मला कोणी बोलावले नव्हते असे नाही. गुरुजी रोज बोलावीत. मी गेलो नाही.

पुढे एकदा मी कमलाच्या वर्गाला ग्रहांचा धडा शिकवत होतो. पुस्तकात गुरूचे चंद्र नऊ दिले होते. कमला उठून म्हणाली, "सर, बारा हायेत. बारावा नुकताच सापडला. बोदनवार गुरुजीनं पेपरातलं वाचून दाखवलं." वर्ग हसला. मी तिला तास संपेपर्यंत उभे ठेवले. त्या संध्याकाळी वाचनालयात जाऊन मी ते वर्तमानपत्र काढून पाहिले. बाराच होते.

माणसाने तिथे थांबायला हवे होते. मी घरी आलो आणि शिक्षण खात्याच्या साहेबांना सही न करता पत्र लिहिले की हे शिक्षक पुस्तकाविरुद्ध शिकवतात आणि दिवस मावळल्यावर मुलामुलींना तलावावर जमवतात. दुसरे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. तरी ते लिहिलेच.

साहेब तपासणीला आले. वर्गात मुख्याध्यापक, गुरुजी आणि मी, तिघेही उभे होतो. साहेबांनी नेमके कमलालाच विचारले, "चंद्र कसा निर्माण झाला?"

ती न घाबरता म्हणाली, "साहेब, तीन गोष्टी सांगतात. कोणी म्हणते पृथ्वीचाच तुकडा तुटला. कोणी म्हणते दुरून जात होता, पृथ्वीनं ओढून धरला. कोणी म्हणते दोघंबी संगच झाले. खरी कोणती, ते अजून कोणालेच माहीत नाई."

"शाळेत 'माहीत नाही' असे शिकवतात?" साहेबांनी गुरुजींकडे पाहिले.

"जे माहीत नाई ते माहीत नाई म्हणूनच सांगतो साहेब," गुरुजी म्हणाले. "नाईतर पोरं शोधतीन कायले?"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही बी.एस्सी. आहात. गुरूचे चंद्र किती?"

मी म्हणालो, "पुस्तकात नऊ आहेत."

गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. महिन्याच्या आत त्यांची सिरोंच्याला बदली झाली. पावसाळ्यात जिथला रस्ता चार-चार महिने बंद होतो, तिथे.

निघायच्या दिवशी ते माझ्या खोलीवर आले. मुलांच्या वह्यांचा गठ्ठा आणि ती दुर्बीण त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "मले तिथी दुसरी भेटन कुठी तरी. पोराईचे ठिपके बंद पडू देऊ नका," एवढेच म्हणाले. दोन दिवस मी त्या दुर्बिणीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुले दारात येऊन उभी राहिली, म्हणून जावे लागले. तोवर पुस्तकातले सगळे चंद्र मला तोंडपाठ होते. डोळ्यांनी पाहिला होता तो फक्त आपला एक. त्या दिवशी मी गुरूचे चार पाहिले आणि मुलांच्या शेजारी बसून कागदावर मांडले.

काही वर्षांनी सिरोंच्याला मी गेलो तेव्हा ते निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झाले होते. नदीच्या काठी ओल्या वाळूवर राखेचा थर पसरून मुले त्यात लहानमोठे दगड टाकत होती आणि गुरुजी त्यांच्याशी तेलुगूत बोलत होते. मला पाहून म्हणाले, "या जी! चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीचे का दगड आदळून झालेले, याच्यात विद्वानाईचा झगडा हाये. आम्ही दगड टाकून पाहून राह्यलो."

मुले गेल्यावर मी त्यांना पत्राचे सांगितले.

"माहीत हाये," ते म्हणाले. "साहेबानं तो कागद मले दाखवला होता. तुमचा तो शेपटीवाला 'श' मी ओळखणार नाई का?"

"मग तेव्हाच नाव का नाही घेतले, गुरुजी?"

"नाव घेतलं असतं तं तुम्हालेबी कुठी तरी पाठवलं असतं. मंग चांद्यात पोराईले विज्ञान शिकवाले राह्यलं कोण असतं?"

ते रागावले असते तर मी सुटलो असतो. उलट त्यांच्या घरी गुरुजींच्या पत्नी सावित्रीबाईंनी मला नदीचे मासे आणि भात वाढला, आणि गुरुजींनी चांद्यातल्या एकेका मुलाची नावाने चौकशी केली. शनीच्या एका चंद्राभोवती हवा आहे हे मी वाचले का, असेही विचारले. मी वाचले नव्हते.

कमला आता गडचिरोलीकडे शाळेत शिकवते. चार वर्षे मी तिला शिकवले, त्यांनी जेमतेम एक. तरी ती पत्रात 'माझे गुरुजी' लिहिते तेव्हा ते मी नसतो. वाचून अजून पोटात दुखते.

हा लेख छापण्यापूर्वी मी गुरुजींकडे पाठवला होता. ग्रंथ गौरवाचा आहे, पत्राची गोष्ट तेवढी काढा, असे त्यांनी कळवले. त्यांचा शब्द मी मोडतो आहे, आणि यावेळी खाली माझी सही आहे.

गुरुजींना साठावे वर्ष लागले. त्यांना निरोगी आयुष्याची आणखी चाळीस वर्षे मिळावीत. ही इच्छा निःस्वार्थी नाही. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान आहे. त्यांच्याएवढा माणूस व्हायला मला ही सगळी वर्षे लागतील, आणि तो दिवस उजाडला तर तो पाहायला ते असायला हवेत.

— ग. वि. देशकर