पाठीवरचं छिद्र

सभापतींचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. लहानपणी पडून हाड मोडलेलं, ते वाकडंच जुळलं. नांदेडच्या माझ्या दुकानात बावीस वर्षं त्यांचे सदरे मीच शिवले, म्हणून मला हे ठाऊक. पंचायत समितीचे सभापती झाल्यावरही माप द्यायला ते स्वतः यायचे. ज्या दिवशी त्यांना मारलं, त्या दिवशी मी त्यांच्यासमोर दहा पावलांवर उभा होतो.

नायगावकडच्या एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. सभापती मंचाच्या पायरीवर हात जोडून उभे होते. मागं त्यांचीच माणसं, समोर आम्ही गर्दीतले. माझ्या शेजारच्या माणसानं उजवा हात वर केला. हातात काळं काहीतरी होतं. आवाज झाला आणि सभापती तोंडावर कोसळले.

त्या माणसाला मी ओळखत होतो. टेम्पो चालवायचा. दोनच दिवसांपूर्वी वाळूच्या गाडीवरून सभापतींशी त्याचं भर चौकात भांडण झालेलं. पोलिसांना मी सांगितलं, "ह्यानंच झाडली. माझ्या डोळ्यांदेखत." तो शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, "मी फोटो काढून राहिलो होतो." त्याचा मोबाइल चेंगराचेंगरीत गेला. पिस्तूलही सापडलं नाही. साथीदारानं पळवलं, असं पोलीस म्हणाले.

त्याची आई दुकानात आली होती. मशीनसमोर उभी राहिली, बसली नाही.

"चाचा, एकदा नीट आठवा. बाकी काही नको, तेवढं करा."

"मावशी, आठवायचं काय? मी पाहिलंय."

ती पुन्हा दोनदा आली. तिसऱ्या वेळी मी तिला दुरून पाहिलं आणि आतल्या खोलीत गेलो.

इथं दबाव येतो म्हणून खटला लातूरला हलवला. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी बोलावून घेतलं. "डॉक्टर म्हणतात गोळी पाठीतून शिरली. आवाज ऐकून सभापती वळले होते, एवढं सांगा."

"ते वळले न्हाईत साहेब. हात जोडलेले होते. तोंड माझ्याकडं होतं."

"तुम्हाला नीट आठवत नसेल."

मला नीटच आठवत होतं. अडचण तीच होती. तोंड समोर, मारणारा समोर, आणि गोळी पाठीत. त्या दिवशी मी लातूरच्या बसस्टँडवर बाकावर बसून डोळे मिटत होतो, उघडत होतो. दर वेळी तोच हात वर जायचा.

कोर्टात सीलबंद पाकीट फोडून सदरा माझ्यासमोर टाकला. रक्त वाळून कापड पापडासारखं झालेलं. डाव्या खांद्याला अर्धा इंच उतार देऊन मी घातलेली टीप बोटाला लागली आणि मी म्हणालो, "माझंच काम."

बचावाच्या वकिलानं सदरा पालथा केला. "काका, हे पाठीवरचं छिद्र. धागे कुठं गेलेत?"

मी चष्मा लावला. छिद्र लहान, गोल, कडा काळी.

"आत."

"आणि छातीवरचं?"

ते मोठं होतं, फाटलेलं. "बाहेर."

सरकारी वकील उठले, साक्षीदार तज्ज्ञ नाही म्हणाले. न्यायाधीश म्हणाले, दिसतं ते सांगतोय, लिहून घ्या. मग माझ्याकडं वळले. "गोळी समोरून झाडली, हे तुम्ही शपथेवर सांगितलंय. आणि आता हे. दोन्ही खरं कसं?"

चाळीस वर्षं मी सुई चालवतोय. सुई ज्या बाजूनं घुसते, तिकडचा धागा आत जातो. मला दुसरं बोलता येईना.

"माहीत न्हाई साहेब. मी पाहिलं ते सांगितलं. पण कापड तसं म्हणत न्हाई."

"मग पिस्तूल तुम्ही पाहिलं होतं का?"

"काळं काहीतरी पाहिलं होतं."

तो टेम्पोवाला चार वर्षं तुरुंगात काढून सुटला. त्याची आई त्याआधीच गेली होती. मंचावर मागं उभ्या असलेल्यांची पुन्हा चौकशी झाली म्हणतात, पण निघालं काहीच नाही. सभापतींच्या पत्नीनं निरोप पाठवला, "माझ्या नवऱ्याच्या खुन्याला तुम्ही सोडवलंत."   त्या घरातून पुन्हा कुणी माप द्यायला आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी लातूरला गेलो. तो आता तिथल्या मार्केट यार्डात टेम्पो चालवतो. सोयाबीनची पोती भरून दोरी आवळत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "माफी मागायला आलोय."

त्यानं दोरीची गाठ मारली. हात पुसले.

"चाचा, खरं सांगा. आता डोळे मिटले तर कोण दिसतं? मीच का?"

न्हाई म्हणायला जीभ उचलली होती. पण एकदा ह्या माणसाबद्दल मी खात्रीनं बोललो होतो आणि त्याची चार वर्षं गेली होती.

"हाव," मी म्हणालो. "अजून तूच दिसतोस. हात वर केलेला. तू केलं न्हाईस हे मला कळतं. पण दिसतोस तूच."

त्यानं गाठ एकदा ओढून पाहिली. "मग माफी कशाची मागता?" एवढंच बोलला आणि टेम्पोत चढला. पोत्यांचा भार घेऊन टेम्पो फाटकाबाहेर गेला, आणि मी नांदेडची बस धरली.