डब्यावरचं कोरं लेबल

मावशींनी नऊ वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुतल्या, पण एकीचाही कधी टवका उडू दिला नाही. म्हणून तर या महिन्यात त्यांना कायम करायचं घाटत होतं. आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली.

तिथल्या संशोधक बाई हुशार, पण डोळ्यांवर चष्मा ठेवून चष्मा शोधणाऱ्या. मावशींनी मनातल्या मनात त्यांचं नाव धांदलबाई ठेवलं होतं. त्या न दिसणारी शाई बनवत. शाईत कार्बनचे अतिसूक्ष्म कण असत. लिहिलेलं एरवी दिसायचं नाही, जांभळ्या दिव्याखाली मात्र हिरवं चमकायचं. औषधांच्या खोक्यांवर अशी खूण असली की नकली माल पकडता येतो, म्हणे.

त्या सोमवारी टेबलावर पाण्यासारखं काहीतरी भरलेली बाटली होती. वर कोरं लेबल. नियम साधा होता: लेबलवर काही लिहिलं नसेल तर ओतायचं आणि बाटली धुवायची. मावशींनी ओतलं. लेबल चांगलं होतं, वाया कशाला घालवा, म्हणून सोलून आपल्या जेवणाच्या डब्यावर चिकटवलं.

दुपारी आभाळ कोसळलं. चार महिने खपून केलेली शाई बेसिनमधून वाहून गेली होती.

"नऊ वर्षांत एवढं कळू नये?" मोठे साहेब कडाडले. "कायम व्हायचं विसरा आता!"

लिहिलेलं असून आपल्यालाच दिसलं नाही की काय, असं मावशींना वाटायला लागलं.

धांदलबाई एकदम थबकल्या. "मावशी, ते लेबल कुठंय?"

मावशींनी घाबरत डबा पुढे केला. बाईंनी खोलीत अंधार केला आणि जांभळा दिवा धरला. झाकणावर हिरवी अक्षरं उमटली: ओतू नका.

"सर, चाचणी म्हणून लेबलही त्याच शाईनं लिहिलं," त्या म्हणाल्या. "वरून साध्या पेननं लिहायचं राहूनच गेलं. चूक माझी. मावशींनी नियमानंच केलं."

"धन्य आहात!" एवढंच म्हणून साहेब निघून गेले. मावशींच्या नोकरीचा कागद आठवड्यात निघाला.

घरी सून म्हणाली, "त्यात काय एवढं? चूक त्यांचीच होती ना?"

"अगं, पण ते ठाऊक कोणाला होतं? त्या गप्प बसल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती. फार उपकार आहेत बाईंचे माझ्यावर."

मावशी अजून तोच डबा नेतात. बाकी लख्ख घासतात, झाकण मात्र कोरड्या फडक्यानं पुसतात.

"काढून टाका की ते लेबल," सून म्हणते. "कोरं तर आहे."

"तुला दिसतं कोरं," मावशी म्हणतात आणि डबा पिशवीत ठेवतात.